पंपिंग किती?

१९११ साली मँचेस्टरला रदरफर्डच्या प्रयोगशाळेत काम करायला आलेल्या जॉर्ज द हेवेशी या हंगेरियन तरुणाला आपल्या घरमालकीणबाईंचा संशय होता. रविवारचं उरलंसुरलं आठवडाभर नाव बदलून ताटात येतं, असं त्याचं म्हणणं. बाई कानांवर हात ठेवायच्या. शेवटी एकदा हेवेशीने ताटात टाकलेल्या घासांत किंचित किरणोत्सारी द्रव्य मिसळलं आणि काही दिवसांनी तो इलेक्ट्रोस्कोप घेऊनच जेवायला बसला. समोर आलेल्या ‘ताज्या’ पदार्थाजवळ नेताच उपकरणाने चोरी पकडली. हा किस्सा हेवेशीने स्वतःच सांगितलेला आहे.

त्याच सुमाराला रदरफर्डने त्याच्यावर एक अवघड काम सोपवलं होतं. शिशात मिसळलेलं ‘रेडियम-डी’ नावाचं किरणोत्सारी द्रव्य वेगळं काढायचं होतं. पुष्कळ खटपट करूनही ते निघेना, कारण रेडियम-डी हेही एक प्रकारचं शिसंच होतं. हेवेशीने मग हे अपयश उलटं करून पाहिलं. रसायनशास्त्राला जे वेगळं काढता येत नाही, ते शिशाबरोबर सगळीकडे जाणार. फरक एवढाच, की ते वाटेत स्वतःचा ठावठिकाणा सांगत जाणार. खूण मिसळायची आणि मग फक्त खुणेचा माग काढायचा. या कल्पनेसाठी त्याला रसायनशास्त्राचं १९४३ सालचं नोबेल मिळालं. ती कल्पना हृदयापर्यंत कशी पोचली, ते आता पाहू.

बादली कुठे लावायची?

हृदयविकार घरात शिरला की एक शब्दही त्याच्याबरोबर येतो. “बाबांचं पंपिंग पस्तीसच आलंय,” असं कुणी फोनवर सांगतं आणि पलीकडचा माणूस गप्प होतो. पण हे पस्तीस कशाचे आणि ते मोजले कसे, हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

मुठीएवढं हृदय आपण स्वस्थ बसलेलो असताना दर ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलतं. मिनिटाला ७० ठोके धरले तर झाले जवळपास ५ लिटर. पिण्याच्या पाण्याचा २० लिटरचा जार चार मिनिटांत भरेल, असा हा पंप. नळ असता तर बादली आणि घड्याळ पुरलं असतं. इथे मात्र नळाला तोंडच नाही. रक्त हृदयातून निघतं, फिरतं आणि हृदयातच परत येतं.

हे चक्र आहे, हे विल्यम हार्वेने १६२८ साली सिद्ध केलं तेही हिशेबाच्याच जोरावर. दर ठोक्याला समजा अर्धाच औंस रक्त बाहेर पडतं, अर्ध्या तासात हजार ठोके पडतात, तर ५०० औंस झाले. एवढं रक्त अख्ख्या शरीरातही नसतं, मग अन्नातून दर अर्ध्या तासाला नवं कुठून येणार? तेव्हा तेच रक्त पुन्हा फिरत असलं पाहिजे. हार्वेचा अर्धा औंस हा मुद्दाम कमी धरलेला अंदाज होता. युक्तिवादाला तो पुरला, मोजमापाला पुरणारा नव्हता.

मोजमापाची पहिली पक्की वाट जर्मनीत वुर्झबर्गच्या अडॉल्फ फिकने १८७० साली दाखवली. शरीर मिनिटाला २५० मिलिलिटर ऑक्सिजन वापरतं असं समजू. फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्तात लिटरमागे १५० मिलिलिटर ऑक्सिजन आहे आणि तिथून येणाऱ्या रक्तात २००. म्हणजे दर लिटर रक्त फुप्फुसांतून ५० मिलिलिटर उचलून नेतं. २५० उचलायला पाच लिटर रक्त लागणार. हिशेब सातवीतल्या मुलाला जमेल असा, पण फिकने स्वतः तो माणसावर करून पाहिला नाही. त्यासाठी थेट हृदयाच्या उजव्या बाजूचं रक्त हवं, आणि तिथपर्यंत नळी घालण्याचं धाडस १९२९ साली वेर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टरने केलं, तेही स्वतःच्याच हृदयात.

दुसरी वाट जॉर्ज स्ट्युअर्टने १८९७ साली काढली. तिचं तत्त्व खेड्यातल्या माणसाला लगेच पटेल. विहिरीत पाणी किती, हे न उपसता सांगायचं तर मोजून रंग टाकावा, चांगलं ढवळावं आणि एक तांब्या काढून रंग किती फिका झाला ते पाहावं. जितका फिका, तितकं पाणी जास्त. वाहत्या ओढ्याचंही तसंच. फक्त खालच्या अंगाला उभं राहून रंग येऊन जाईपर्यंत पाहत राहावं लागतं. शिरेत ५ मिलिग्रॅम रंग सोडला, पुढच्या धमनीत तो अर्धा मिनिट दिसला आणि त्या वेळात त्याचं प्रमाण सरासरी लिटरला २ मिलिग्रॅम भरलं, तर प्रवाह मिनिटाला ५ लिटर. स्ट्युअर्टने रंगाऐवजी मिठाचं पाणी वापरलं होतं. यात एक अडचण होती. रंगाची शेपटी संपायच्या आत आधी गेलेला रंग शरीराला फेरी मारून पुन्हा हजर होतो. ही दुसरी फेरी हिशेबातून वगळायची रीत पुढे विल्यम हॅमिल्टनने बसवली, म्हणून आज या सूत्राला स्ट्युअर्ट-हॅमिल्टन अशी दोघांची नावं आहेत.

एका दंडातून दुसऱ्या दंडात

रंग असो की मीठ, ते पाहण्यासाठी रक्त बाहेर काढावं लागतं. खूणच जर कातडीपलीकडून ओरडून सांगणारी असेल तर? बोस्टनच्या हर्मन ब्लुमगार्टने १९२५ ते १९२७ या काळात हे करून दाखवलं. रेडियमच्या वायूपासून मिळणारं ‘रेडियम-सी’ त्याने सलाइनमध्ये मिसळून एका हाताच्या शिरेत टोचलं आणि दुसऱ्या हाताच्या कोपराजवळ शोधक यंत्र ठेवलं. या द्रव्याचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा वेळ, सुमारे २० मिनिटं, त्यामुळे घाई करणं भाग होतं. पहिल्या हातातल्या द्रव्याचे किरण थेट यंत्रापर्यंत पोचू नयेत म्हणून मध्ये शिशाची जाड भिंत. खूण शिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूला, तिथून फुप्फुसांत, मग डाव्या बाजूला आणि शेवटी दुसऱ्या हाताच्या धमनीत पोचायची. निरोगी माणसात या प्रवासाला सरासरी १८ सेकंद लागले. हृदय थकलेल्या रुग्णांत बराच जास्त वेळ लागला.

माणसाच्या शरीरात किरणोत्सारी खूण सोडून रक्ताभिसरण तपासण्याची ही सुरुवात. पण ब्लुमगार्टने मोजला तो वेग. रक्त किती, हे त्यातून कळत नव्हतं. १९४८ साली लॉस एंजेलिसमध्ये मायरन प्रिंझमेटल आणि सहकाऱ्यांनी किरणोत्सारी सोडियम टोचून गायगर नळी थेट छातीवर ठेवली. कागदावर दोन उंचवटे उमटले. खूण हृदयाच्या उजव्या बाजूतून गेली तेव्हा पहिला, आणि फुप्फुसांतून फिरून डावीकडे आली तेव्हा दुसरा. पुढे सोडियमऐवजी किरणोत्सारी आयोडीन चिकटवलेलं अल्ब्युमिन आलं. सोडियम रक्तवाहिनीतून बाहेर झिरपतं. अल्ब्युमिन हे रक्तातलंच प्रथिन, ते बराच वेळ आत राहतं. विहिरीतल्या रंगाचं गणित आता शरीराबाहेरून करता येऊ लागलं. मात्र या आयोडीनचं अर्धायुष्य आठ दिवसांचं. काम मिनिटभराचं आणि पाहुणा आठवडाभराचा, म्हणून मात्रा फार वाढवता येत नव्हती.

रोज दूध देणारी गाय

हवा तसा पाहुणा आवर्तसारणीतल्या एका रिकाम्या घरातून आला. ४३ क्रमांकाचं मूलद्रव्य कुणालाच सापडत नव्हतं. १९३७ साली इटलीत पालेर्मोच्या एमिलिओ सेग्रे आणि कार्लो पेरिए यांना ते बर्कलेच्या सायक्लोट्रॉनमधून आलेल्या मॉलिब्डेनमच्या पट्टीत मिळालं. माणसाने बनवलेलं पहिलं मूलद्रव्य म्हणून त्याचं नाव टेक्नेशियम, म्हणजे कृत्रिम. त्याचा ‘टेक्नेशियम-९९एम’ हा प्रकार वैद्यकासाठी मापून शिवल्यासारखा निघाला. अर्धायुष्य सहा तास, त्यामुळे दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला सोळावा हिस्साच उरतो. आणि त्यातून निघणारे गॅमा किरण शरीर भेदून बाहेर येण्याइतके जोरदार, पण कॅमेऱ्याला पकडता येतील इतके मवाळ.

सहा तासांत अर्धं होणारा माल परगावाहून मागवायचा कसा? अमेरिकेच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेने १९५०च्या दशकाच्या अखेरीला याचं उत्तर दिलं: माल पाठवू नका, गाय पाठवा. टेक्नेशियमची आई म्हणजे मॉलिब्डेनम-९९, अर्धायुष्य ६६ तास. ती आठवडाभर टिकते आणि सतत टेक्नेशियम देत राहते. या खात्यातले लोक तिला खरोखरच ‘काऊ’ म्हणतात आणि रोजच्या कामाला ‘मिल्किंग’.

सकाळी न्यूक्लिअर मेडिसिन विभागात गेलात तर हे दोहन पाहायला मिळतं. शिशाच्या जाड कवचात पेल्याएवढी जागा, तिच्यात ॲल्युमिना भरलेली काचेची बारीक नळी, आणि त्या ॲल्युमिनाला घट्ट धरून बसलेलं मॉलिब्डेनम. वर दोन सुया. एका सुईवर तंत्रज्ञ सलाइनची कुपी खोचतो, दुसरीवर आतली हवा काढून घेतलेली रिकामी कुपी, तीही शिशाच्या कोटात. निर्वात कुपी सलाइन ओढून घेते आणि दोन-चार मिनिटांत ते नळीतून झिरपून पलीकडे येतं. मॉलिब्डेनम जागचं हलत नाही. टेक्नेशियम तेवढं धुऊन येतं. हातात येतो तो पाण्यासारखा रंगहीन द्रव. तो मापकात घालून त्याची ताकद पाहायची, मॉलिब्डेनम सांडून आलेलं नाही ना हे तपासायचं, आणि दिवसाचं काम सुरू. सड पुन्हा भरायला साधारण एक दिवस लागतो, म्हणून दोहन रोज सकाळी.

आपल्याकडे या गोठ्याचा पत्ता मुंबईच्या आसपासच आहे. ट्रॉम्ब्याची अप्सरा अणुभट्टी ऑगस्ट १९५६ मध्ये सुरू झाली, परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ साली उभं राहिलं, आणि रुग्णालयांना किरणोत्सारी औषधं पुरवण्याचं काम वाशीची ‘ब्रिट’ ही सरकारी संस्था करते. गाय आटली की काय होतं, तेही जगाने पाहिलं आहे. मे २००९ मध्ये कॅनडातल्या चॉक रिव्हरची अणुभट्टी बंद पडली आणि पुढच्या वर्षी नेदरलँड्समधल्या पेटनची दुरुस्तीसाठी थांबली, तेव्हा कित्येक देशांत तपासण्या पुढे ढकलाव्या लागल्या. टेक्नेशियम साठवून ठेवायची सोय नाही.

सोळा मात्रांचा ठोका

आता रुग्ण टेबलावर आहे. त्याला आधी जे इंजेक्शन मिळतं त्यात किरणोत्सार नसतोच. असतं ते कथिलाचं संयुग. ते लाल रक्तपेशींत शिरून बसतं. पंधरा-वीस मिनिटांनी टेक्नेशियम टोचतात. ते पेशीत सहज ये-जा करणारं, पण आत बसलेलं कथिल त्याचं रूप पालटतं आणि ते हिमोग्लोबिनला चिकटतं. आत गेलं ते अडकलं. आता शरीरातल्या सगळ्या रक्ताला खूण लागली. जिथे रक्त जास्त तिथून किरण जास्त.

छातीवर डाव्या बाजूने तिरका गॅमा कॅमेरा येतो, साधारण ४५ अंशांत, म्हणजे हृदयाचे डावे-उजवे कप्पे एकमेकांवर न पडता शेजारी शेजारी दिसतात. हा कॅमेरा बर्कलेच्या हॅल अँगरने १९५०च्या दशकात बनवला. किरण सोडियम आयोडाइडच्या स्फटिकावर आदळला की बारीक ठिणगी पडते आणि यंत्र ती कुठे पडली ते टिपून ठेवतं. पण एका ठोक्याच्या पन्नासाव्या भागात पडणाऱ्या ठिणग्या इतक्या थोड्या, की त्यातून चित्र कसलं, रांगोळीचे चार ठिपकेही उमटत नाहीत.

यावरचा तोडगा तबल्याच्या भाषेत चटकन कळतो. तीनताल १६ मात्रांचा. आवर्तनं कितीही झाली तरी सम तीच, नववी मात्रा तीच. हृदयाची सम म्हणजे ईसीजीतला उंच सुळका. त्या समेपासून पुढच्या समेपर्यंतच्या वेळाचे संगणक १६ किंवा २४ भाग करतो आणि प्रत्येक भागासाठी एक डबा ठेवतो. मिनिटाला ७५ ठोके असतील तर एक मात्रा एका सेकंदाच्या विसाव्या भागाएवढी. पहिल्या मात्रेत आलेल्या ठिणग्या पहिल्या डब्यात, सातव्या मात्रेतल्या सातव्या डब्यात. पुढच्या ठोक्याला पुन्हा पहिल्यापासून. दहा मिनिटांत सातशे-साडेसातशे आवर्तनं होतात, डबे भरतात, आणि पडद्यावर एकच ठोका संथपणे उघडमीट करताना दिसू लागतो. तबलजीने लय सोडली तर मात्र सगळा घोळ होतो. ज्याच्या हृदयाची लय मुळातच अनियमित, त्याची तपासणी म्हणूनच कठीण. तंत्रज्ञ वारंवार सांगतो, “काका, हलू नका.” आवर्तन मोडू नये, एवढीच त्याची विनंती असते.

बॅरी झॅरेट, विल्यम स्ट्रॉस आणि सहकाऱ्यांनी १९७१ साली अमेरिकेत ईसीजीच्या इशाऱ्यावर हृदयाची अशी चित्रं घेऊन दाखवली. तेव्हा फक्त भरलेलं आणि आकुंचलेलं अशी दोनच टोकं टिपत. पुढे संगणकाने मधल्या मात्राही भरून काढल्या आणि तपासणीला ‘मुगा’ हे आद्याक्षरी नाव पडलं.

साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास

आता नुसती मोजणी. डावी जवनिका, म्हणजे शरीराला रक्त पाठवणारा कप्पा, पूर्ण भरलेला असताना समजा २०,००० ठिणग्या आल्या आणि पूर्ण आकुंचलेला असताना ११,०००. फरक ९,०००. त्याला २०,०००ने भागलं तर ४५ टक्के. पण थांबा, त्या २०,०००मध्ये हृदयाच्या मागच्यापुढच्या भागांतल्या रक्ताच्याही ठिणग्या आहेत. शेजारच्या जागेवरून त्यांचा अंदाज घेतला, समजा ४,००० निघाल्या. त्या वजा करून भाजक १६,०००. आता उत्तर ५६ टक्के. तेच हृदय, त्याच ठिणग्या. एक वजाबाकी राहिली असती तर निरोगी माणूस आजारी ठरला असता.

हेच ते पंपिंग, डॉक्टरांच्या भाषेत ईएफ. कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के एका ठोक्यात बाहेर गेलं, त्याचा हा हिस्सा. निरोगी हृदय कप्पा कधीच पूर्ण रिकामा करत नाही. ५० ते ७० टक्के हे सर्वसाधारण. ‘पंपिंग साठच आहे’ म्हणून हळहळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. परीक्षेप्रमाणे इथेही साठ म्हणजे फर्स्ट क्लास.

दुसरी गल्लत जास्त महत्त्वाची आहे. टक्का म्हणजे लिटर नव्हे. निरोगी कप्प्यात १२० मिलिलिटर मावतात आणि ७० बाहेर जातात, ते झाले ५८ टक्के. वर्षानुवर्षं ताणून सैल पडलेल्या कप्प्यात २५० मावतात आणि तोही ७०च बाहेर टाकतो, पण टक्का निघतो २८. दोघेही मिनिटाला पाच लिटर पाठवताहेत. दुसरं हृदय मात्र मोठं होऊन, भिंती ताणून ते पाच लिटर भागवतंय. उलट झडप गळत असेल तर टक्का छान दिसतो आणि बाहेर गेलेल्यातलं निम्मं मागच्या दाराने परत येतं. एका आकड्यावरून माणसाचं भविष्य वर्तवू नये, ते यासाठी.

मग या आकड्याचा उपयोग काय? त्याची खरी कसोटी कर्करोगाच्या वॉर्डात लागली. डॉक्सोरुबिसिन हे लालबुंद औषध स्तनाच्या कर्करोगापासून रक्ताच्या कर्करोगापर्यंत अनेकांना वाचवतं, पण त्याची एकूण मात्रा वाढत गेली की हृदयाचा स्नायू दुबळा होतो. दम लागेपर्यंत वाट पाहिली तर उशीर झालेला असतो. म्हणून सुरुवातीला एकदा आणि मग ठरावीक मात्रांनंतर मुगा करायची, आणि आकडा दहा अंकांनी किंवा त्याहून जास्त घसरून पन्नाशीच्या खाली आला तर औषध थांबवायचं, असा दंडक १९८०च्या दशकात पडला. इथे ठिणग्या मोजण्याचा मोठा फायदा दिसला. कप्पा अंड्यासारखा आहे की वाकडातिकडा, याचा अंदाज बांधावा लागत नाही. आकार कसाही असो, रक्त जितकं तितक्या ठिणग्या. त्यामुळे सहा महिन्यांनी दुसऱ्या तंत्रज्ञाने केलेली तपासणीही पहिलीशी ताडून पाहता येते.

आज पंपिंगचा आकडा बहुतेकांना मिळतो तो ध्वनिलहरींच्या इकोमधून, आणि ते योग्यच आहे. इकोत किरणोत्सार नाही, झडपाही दिसतात, यंत्र खाटेपाशी नेता येतं. मुगात सुमारे ५ ते ८ मिलिसिव्हर्ट किरणोत्सार अंगावर येतो. निसर्गातून माणसाला दोन-तीन वर्षांत मिळतो तेवढा. कारण असेल तर तो सोसावा, हौसेने नव्हे. इको नीट दिसत नाही किंवा आकडा बारकाईने ताडायचा आहे, तिथे मुगा अजूनही कामाला येते.

तेव्हा घरात कुणाचा असा रिपोर्ट आला तर दोन गोष्टी करा. आकडा कोणत्या तपासणीतून आला ते त्यावर पाहा. एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या आकड्याशी ताडू नका. आणि जुना रिपोर्ट फेकू नका. ५५चे ५२ झाले तर तो फरक बहुतेक वेळा मोजमापाचाच असतो. ६२चे ४८ झाले तर मात्र तो हृदयाचा आहे, आणि तो फक्त त्यालाच दिसतो ज्याच्याकडे ६२चा कागद जपून ठेवलेला असतो.